सर्दी छातीत उतरतेय का? मोठ्या माणसांकडे रोज कसं लक्ष ठेवायचं

न्यूमोनियाचा रुग्ण दवाखान्यात आला की मी घरच्यांना दोन प्रश्न विचारते. सर्दी कोणत्या तारखेला सुरू झाली? आणि श्वास कधीपासून वाढला? पहिल्याचं उत्तर येतं, "झाले असतील चार-पाच दिवस." दुसऱ्याचं येतं, "ताप नव्हता ना डॉक्टर, म्हणून थांबलो." या दोन उत्तरांत किमान दोन दिवस गेलेले असतात आणि सत्तरीच्या माणसाला ते परवडत नाहीत.

घरोघरी लक्ष असतं ते तापावर आणि कफाच्या रंगावर. लक्ष हवं श्वासावर. तो कसा मोजायचा, कधी मोजायचा आणि कोणत्या आकड्याला उठून निघायचं, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. हे सगळं १८ वर्षांवरच्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचे आकडे वेगळे असतात, त्यांना हे लावू नका.

आधी हे पाहा : खालीलपैकी एक जरी असेल तर पुढचं वाचत बसू नका

- बसल्या जागी धाप लागतेय, एक वाक्य सलग बोलता येत नाही
- श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त
- ऑक्सिमीटरवर ९२ किंवा त्याहून कमी (आधीपासून फुप्फुसाचा आजार असलेल्यांचं वेगळं, ते टप्पा १ मध्ये)
- ओठ, जीभ किंवा नखं निळसर
- माणूस भ्रमल्यासारखा बोलतोय, वेळ-जागा-माणसं ओळखत नाही, किंवा उठवूनही नीट जागा होत नाही
- थुंकीतून रक्त, छातीत दाबल्यासारखं दुखणं, वरचं रक्तदाब ९० च्या खाली

यात १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. आमच्याकडे वाडीवरून तालुक्याला यायलाच दीड तास जातो. तुमच्याकडेही तसं असेल तर आकडा हद्दीला टेकायची वाट पाहू नका, त्याआधीच निघा.

साधी सर्दी आणि न्यूमोनिया : नातं एवढंच समजून घ्या

ऱ्हायनोव्हायरस, सर्दीचे जुने कोरोनाव्हायरस, आरएसव्ही, ॲडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस ही सगळी सर्दी-पडशाची मंडळी. बहुतेक वेळा ती नाक-घशात आठ-दहा दिवस धुमाकूळ घालून जातात. पण न्यूमोनियापर्यंत पोचायला त्यांच्याकडे दोन वाटा असतात. एक, विषाणू स्वतःच खाली फुप्फुसात उतरतो. दोन, तो श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटून ठेवतो. तिथले बारीक केस कफ वर ढकलायचं काम करतात, ते थंडावतात आणि घशात गुपचूप राहणारे न्यूमोकॉकससारखे जिवाणू मोकळ्या वाटेने खाली जातात.

शिकागो आणि नॅशव्हिलमधल्या रुग्णालयांत २०१० ते २०१२ या काळात न्यूमोनियाने दाखल झालेल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कसून तपासण्या करूनही जंतू सापडला तो फक्त ३८ टक्के रुग्णांत. विषाणू २३ टक्क्यांत, जिवाणू ११ टक्क्यांत. सगळ्यांत जास्त वेळा सापडला तो ऱ्हायनोव्हायरस, ९ टक्के. नाका-घशात सापडलेला विषाणूच फुप्फुसातला दोषी असतो असं दर वेळी छातीठोकपणे म्हणता येत नाही, तरी "नुसती सर्दीच तर आहे" हे वाक्य मोठ्या वयात जपून वापरावं, एवढं त्यातून नक्की कळतं.

टप्पा १ : सर्दी नसतानाच करायची तयारी

घरात चार वस्तू एकाच डब्यात ठेवा : डिजिटल थर्मामीटर, ऑक्सिमीटर, वही आणि वहीला बांधलेलं पेन. रक्तदाबाचं यंत्र असेल तर तेही त्यातच. ऑक्सिमीटरचे सेल वर्षभर आतच राहून गळतात, म्हणून काढून बाजूला ठेवा आणि चार महिन्यांनी एकदा घालून पाहा.

आता बहुतेक जण गाळतात ती गोष्ट. घरातल्या प्रत्येक वयस्क माणसाचा श्वास आणि ऑक्सिजन तब्येत ठणठणीत असताना मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हा त्या माणसाचा नेहमीचा आकडा. ज्या आजींनी पन्नास वर्षं चुलीसमोर फुंकणी फुंकली, त्यांची फुप्फुसं विडी न ओढताही थकलेली असतात आणि त्यांचा ऑक्सिजन बऱ्या दिवशीही ९१-९२ असू शकतो. हे आधी ठाऊक नसेल तर घरचे एक तर उगाच घाबरतात, नाहीतर "यांचं नेहमीच असं असतं" म्हणून खरी घसरण सोडून देतात. अशा माणसासाठी नेहमीच्या आकड्यापेक्षा ३ ने घट म्हणजे धोका.

जास्त जपायचं कोणाला? ६५ च्या पुढचे, मधुमेह, दमा, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट धापेचा आजार), हृदय, किडनी किंवा यकृताचा आजार असलेले, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधं चालू असलेले, प्लीहा काढलेले, गरोदर बायका, विडी-सिगारेट ओढणारे, रोज दारू पिणारे. यांच्या नावापुढे वहीत फुली मारा. पुढे जिथे "फुलीवाले" म्हणेन तिथे ही माणसं.

लशींचंही आत्ताच उरका. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी थंडीच्या शेवटाला, म्हणून फ्लूची लस एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी घेतलेली बरी. ती दर वर्षी घ्यावी लागते. न्यूमोकॉकसची लस वेगळी, ती दर वर्षी नसते. कोणती आणि किती डोस ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ऱ्हायनोव्हायरसवर लस नाही, त्याचे दीडशेच्या वर प्रकार आहेत.

*पडताळा : पहिल्या पानावर नाव, वय, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, नेहमीचा श्वास आणि नेहमीचा ऑक्सिजन, हे सहाही लिहिलंय का?*

टप्पा २ : दिवस मोजायला सुरुवात करा

घसा खवखवायला लागला तो दिवस १. ताप आला तो दिवस नव्हे, दवाखान्यात गेलात तो तर नव्हेच. वहीत तारीख घाला. रोज दोनदा नोंद करायची, सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला. नोंद एवढीच :

"दिवस ४, सकाळ. ताप ९९.२. श्वास १८. ऑक्सिजन ९६. नाडी ८४. जेवण अर्धं. खोकला कालपेक्षा कमी."

शेवटचे दोन शब्द सोडू नका. "कालपेक्षा" काय झालं, हे मला आकड्याइतकंच उपयोगी पडतं.

दिवस १-२ ला एक गोष्ट लगेच ठरवायची असते. सर्दी हळूहळू चढते; आधी घसा, मग नाक, मग खोकला. फ्लू आदळतो. सकाळी बरा असलेला माणूस दुपारी १०२ ताप, हुडहुडी आणि अंग मोडून पडलेला असतो. फुलीवाल्या माणसाला असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, कारण फ्लूवरचं ओसेलटामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यांत चांगलं काम करतं.

*सावधान : पावसाळ्यात शेतात, चिखलात, साचलेल्या पाण्यात काम केलेल्याला ताप आणि पोटऱ्यांत जीवघेण्या वेदना असतील, नाक वाहत नसेल, तर ती सर्दी समजू नका. लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) असू शकतो, आणि तोही फुप्फुसावर जातो. "भातलावणीला गेलो होतो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा.*

टप्पा ३ : श्वास मोजा, आणि नीट मोजा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, आणि तरी दहातली नऊ घरं ते चुकवतात.

१. माणूस निदान दहा मिनिटं शांत बसलेला किंवा पडलेला हवा. जिना चढून आल्यावर, जेवल्यावर, खोकल्याची ढास येऊन गेल्यावर लगेच मोजू नका.

२. "तुमचा श्वास मोजतेय" असं सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास धरतो, लांबवतो, आकडा बिघडतो. मनगट हातात घ्या, नाडी बघताय असं वाटू द्या आणि नजर छाती-पोटावर ठेवा.

३. मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावा. छाती वर जाऊन खाली आली की एक. वर एक, खाली दोन असं मोजलं तर आकडा दुप्पट होतो. हे मी शिकलेल्या माणसांकडूनही पाहिलं आहे.

४. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. एका श्वासाची चूक चार श्वासांची होते.

५. बोलताना, टीव्हीवरची मालिका बघून हसताना मोजू नका. झोपेत मोजलेला चालतो, फक्त "झोपेत" असं लिहा.

छाती हलताना दिसत नसेल तर पांघरूण बघा. मागच्या श्रावणात एका आजींकडे घरी गेले होते. अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी, तीवर धावदोऱ्याच्या आडव्या रांगा. पोटावरची एक लाल रांग वर येत होती आणि खाली जात होती. आजी म्हणत होत्या, "मला काय्येक होत नाय गो." मी त्या लाल दोऱ्याकडे बघत मोजलं, २८. सुनेला म्हटलं, आता तू मोज. तिचेही २८ आले. ताप ९९ होता. त्याच दुपारी काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला.

आकड्याचा अर्थ असा लावा :

- १२ ते २० : ठीक.
- २१ ते २४ : अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ताप असेल तर तो उतरल्यावर मोजा, कारण तापाने श्वास थोडा वाढतोच. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी दवाखाना.
- २५ ते २९ : पुन्हा मोजत बसू नका, आत्ता डॉक्टर.
- ३० आणि पुढे : १०८.

आकडा बरा असला तरी डोळ्यांनी दिसणाऱ्या तीन खुणा मोलाच्या आहेत : श्वासागणिक गळ्याच्या खालची खळी आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, आणि आडवं पडवत नाही म्हणून माणूस रात्रभर उशीला टेकून बसणं. यातली एक जरी दिसली तरी निघा.

टप्पा ४ : ऑक्सिमीटर, आकडा दिसला की काढायचा नाही

कोविडनंतर ऑक्सिमीटर घराघरांत आला, पण तो लावायची पद्धत राहून गेली. पाच मिनिटं बसवा. हात गार असतील तर चोळून ऊब आणा. नेलपॉलिश पुसा, बोटाच्या टोकावर गडद मेंदी असेल तर ती नसलेलं बोट घ्या. मधलं बोट किंवा तर्जनी आतपर्यंत घाला, हात छातीच्या पातळीला टेकवून ठेवा, हलवू नका. सुरुवातीला आकडा उड्या मारतो. एक मिनिट थांबा आणि जो स्थिर राहील तो लिहा. शेजारचा दुसरा आकडा नाडीचा. "ऑक्सिजन ७८ दाखवतंय" म्हणून घाबरून धावत आलेल्या घरात ती नाडी निघाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. त्याहून वाईट उलटं होतं : नाडी ९६, ऑक्सिजन ८८ आणि घरचे ९६ बघून निर्धास्त.

९५ आणि वर ठीक. ९३-९४ आलं तर दुसऱ्या बोटावर पुन्हा लावा, तसंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ९२ किंवा कमी म्हणजे रुग्णालय. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून ९४ आणि धाप असेल तर धापेवर विश्वास ठेवा.

कोविडच्या काळात शिकलेली सहा मिनिटं चालायची चाचणी इथेही कामी येते. बसून ९४ च्या वर असलेल्या, स्वतः चालू शकणाऱ्या माणसाला घरातच सपाट जमिनीवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालवा, सोबत कोणीतरी असू द्या. ऑक्सिजन ३ किंवा जास्त घसरला, किंवा मध्येच धाप लागली, तर फुप्फुसात काहीतरी आहे. बसल्या जागी धाप असलेल्याला, चक्कर येणाऱ्याला, हृदयरोग्याला ही चाचणी करायला लावू नका.

*पडताळा : श्वास आधी मोजा, ऑक्सिमीटर नंतर. ऑक्सिजन घसरायच्या बराच आधी श्वास वाढतो. ९७ बघून श्वास मोजायचा राहिला, तर इशारा तिथेच हुकतो.*

टप्पा ५ : औषधं, आणि ती घेण्यातल्या चुका

विषाणूच्या सर्दीला मारणारं औषध नाही. जे घ्यायचं ते त्रास कमी व्हावा म्हणून. ताप किंवा अंगदुखीला पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तास, दिवसाला चारच्या वर नाही. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर किती ते विचारूनच घ्या.

इथली सर्वांत मोठी चूक अशी. मेडिकलमधून "सर्दीची गोळी" आणलेली असते, तापाची वेगळी असते आणि खोकल्याचं औषध तिसरं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. त्यामुळे माणूस नकळत दुप्पट घेतो, तेही दिवसाला चार वेळा. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर फोटो काढून मोठा करून वाचा. त्याच अक्षरांत फिनाइलेफ्रिन दिसलं तर रक्तदाबवाल्याने ती गोळी घेऊ नये. क्लोरफेनिरामिन दिसलं तर प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी तुंबू शकते, आणि वयस्कांना गुंगी येऊन ते पडतात. नाक मोकळं करायचे थेंब तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं.

अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. पाकिटावर उभी लाल रेषा दिसते ना? ती चिठ्ठीशिवाय न घेण्याची खूण आहे. "तीन गोळ्यांचा कोर्स" सर्दीच्या विषाणूला काहीही करत नाही. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणूनही ते घेऊ नका; सर्दीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी कफाला रंग येतोच, तो पांढऱ्या पेशींचा असतो. आणखी एक धोका आपल्या देशात मोठा आहे : लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध क्षयरोगालाही थोडं दाबतं. चार दिवस बरं वाटतं आणि टीबीचं निदान महिना-दोन महिने लांबतं.

वाफ घ्यायला हरकत नाही, नाक मोकळं वाटतं. त्याने न्यूमोनिया टळत नाही. उकळतं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर घेऊन, डोक्यावरून चादर ओढून बसू नका. भाजलेल्या मांड्या घेऊन आलेली माणसं मी सर्दीच्या प्रत्येक हंगामात बघते. भांडं टेबलावर, गॅसपासून लांब, माणूस खुर्चीत.

पेज, सार, कोमट पाणी घोटाघोटाने. पण हृदय किंवा किडनीसाठी ज्यांचं पाणी मोजून आहे, त्यांना "भरपूर पाणी पी" म्हणू नका. आजारपणात साखर वाढते, म्हणून जेवण कमी झालं तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. साखर मोजून डॉक्टरांना विचारायचं. झोपून भरवू नका, बसवून भरवा. कवळी रात्री काढून, घासून ठेवा. घास आणि तोंडातली घाण श्वासनलिकेत उतरूनही वयस्कांना न्यूमोनिया होतो.

टप्पा ६ : वही वाचा. उतार पडतोय की आजार उलटतोय?

सर्दीचा नेहमीचा नकाशा असा : दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट, पाचव्यापासून उतार, दहाव्यापर्यंत बरं. नुसता खोकला मागे रेंगाळतो, कधी कधी तीन आठवडे. तेवढ्याने घाबरायचं नाही, फक्त दोन आठवड्यांवर गेला तर टप्पा ७ मधली थुंकीची तपासणी करून घ्या.

घाबरायचं ते उलटण्याला. पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस बरा होता, अंघोळ करून ओटीवर येऊन बसला होता. आणि आठव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप, नवा खोकला, कफ वाढलेला. आपण म्हणतो "अंघोळ केली म्हणून उलटलं". अंघोळीचा काही दोष नाही. विषाणूने वाट करून दिली आणि जिवाणू खाली उतरले, हे बहुतेकदा त्यामागचं कारण असतं. उलटलं की दुसरा दिवस न बघता दवाखाना.

याशिवाय वहीत हे दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा :

- १००.४ च्या वर ताप चौथ्या दिवशीही कायम
- दीर्घ श्वास घेताना किंवा खोकताना छातीत एकाच बाजूला, एकाच जागी टोचतंय
- कफ गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस
- बसून असताना नाडी १०० च्या वर आणि ताप नाही
- फुलीवाल्याचं जेवण दोन वेळा सलग सुटलं

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं लिहिते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. माझे काका, वय ७४. दोन दिवस नाक वाहत होतं. तिसऱ्या संध्याकाळी काकूचा फोन आला : "ताप नाहीये. पण आज चहा नको म्हणाले, आणि मला माई म्हणून हाक मारली." माई म्हणजे त्यांची मोठी बहीण, जाऊन वीस वर्षं झालेली. मी दिवसभराच्या रुग्णांनी थकले होते. म्हटलं, झोप झाली नसेल, आज आराम करू दे. सकाळी गेले तर श्वास ३२, ऑक्सिजन ८६, ताप ९८.४. ते वाचले, पण १९ दिवस रुग्णालयात काढून. त्या फोनवर मी एवढंच म्हणायला हवं होतं : काकू, फोन ठेवू नकोस, त्यांचा श्वास मोज.

पंचाहत्तरीच्या आसपास न्यूमोनिया पुष्कळदा तापाशिवाय येतो. तो असा दिसतो : अचानक भ्रमिष्टपणा, न्हाणीघरात पडणं, अंथरुणात लघवी होणं, चहा-जेवण नको, सकाळपासून नुसती गुंगी. सर्दीच्या आठवड्यात यातलं काही नव्याने दिसलं की "वय झालं" म्हणायच्या आधी श्वास मोजा.

टप्पा ७ : डॉक्टरांकडे जाताना

सोबत न्या : वही, चालू औषधांची पाकिटं (नावं सांगू नका, पाकिटंच न्या) आणि छातीचा जुना एक्स-रे असेल तर तो. जुन्या टीबीचा डाग नवा न्यूमोनिया वाटू शकतो. जुनी फिल्म असेल तर एका मिनिटात उलगडा होतो.

जायच्या अगदी आधी तापाची गोळी देऊन नेऊ नका. दिली असेल तर वेळ सांगा. मेडिकलमधून एखादी अँटिबायोटिकची गोळी घेतली असेल तर लपवू नका. आम्ही रागावलो तरी सांगा, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं.

डॉक्टर छाती ऐकतील, रक्तदाब बघतील, बहुधा एक्स-रे सांगतील. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अगदी सुरुवातीला काढलेला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. "फिल्म नॉर्मल आहे" म्हणून घरी आलात आणि श्वास वाढतच असेल, तर एक-दोन दिवसांत पुन्हा दाखवा, गरज पडल्यास पुन्हा काढतात. आणि नुसत्या एक्स-रेवरून विषाणू की जिवाणू हे खात्रीने कळत नाही. म्हणून न्यूमोनिया दिसल्यावर डॉक्टर अँटिबायोटिक देतात ते योग्यच आहे. टप्पा ५ मधली मनाई सर्दीसाठी होती, न्यूमोनियासाठी नाही.

खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकीची तपासणी मागून घ्या. सरकारी केंद्रात टीबीची तपासणी मोफत होते. नमुना देण्यात लोक हमखास चुकतात, डबीत नुसती लाळ येते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर किंवा खिडकीशी उभे राहा, दोन-तीन दीर्घ श्वास घ्या आणि पोटातून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत टाका.

टप्पा ८ : न्यूमोनिया ठरला, आणि घरीच उपचार करायचे ठरले

दाखल करायचं की नाही, हे चार गोष्टींवर ढोबळमानाने ठरतं : भ्रम, श्वास ३० किंवा वर, रक्तदाब घसरलेला, वय ६५ किंवा पुढे. घरी रात्री बघायला कोण आहे, हा पाचवा प्रश्न मी नेहमी विचारते. एकटं राहणाऱ्याला मी शक्यतो घरी पाठवत नाही.

घरी असाल तर वही आता दोनदा नव्हे, चारदा. औषधाची पहिली मात्रा दवाखान्यातून निघायच्या आधीच घ्या, "संध्याकाळी जेवल्यावर" नको. ४८ ते ७२ तासांत ताप, श्वास, नाडी खाली यायला लागली पाहिजे. तसं झालं नाही तर तेच औषध पुढे रेटू नका, परत जा. आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडून उरलेल्या डब्यात "पुढच्या वेळेला" ठेवू नका. जितके दिवस लिहून दिलेत, तितके दिवस घ्या.

पडून राहू नका. शक्य तेव्हा उठून खुर्चीत बसा, तासाला आठ-दहा दीर्घ श्वास घ्या, कफ आला तर गिळू नका. विडी-सिगारेट आजपासून बंद.

बरं व्हायला लागणारा वेळ लोक फार कमी धरतात आणि मग "औषध लागू पडलं नाही" म्हणून डॉक्टर बदलतात. साधारण असं चालतं : आठवड्यात ताप जातो, महिन्यात छातीचं दुखणं आणि कफ बराच कमी होतो, दीड महिन्यात खोकला आणि धाप आटोक्यात येते. थकवा मात्र तीन महिने राहू शकतो, पूर्ववत व्हायला कधी सहा. भातकापणीला, ड्युटीला, जत्रेला घाई करू नका. रोज थोडं चालणं वाढवा आणि चालून आल्यावरचा श्वास लिहा.

पन्नाशीच्या पुढचे आणि विडी-सिगारेट ओढणारे यांनी सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढायचा, बरं वाटत असलं तरी. पहिल्या फिल्मवरचा डाग तोवर विरलेला असायला हवा. तिथेच बसून राहिला असेल तर त्यामागे टीबी किंवा गाठ लपलेली नाही ना, हे बघावं लागतं. ती तारीख आत्ताच, न्यूमोनिया कळला त्याच दिवशी, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.